टोकियोची सबवे कळायची तर रंग नंतर, हद्दीची स्टेशनं आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑफिस ओतेमाचीला, घर बघितलंय निशिकासाईला, एजंट म्हणतो तोझाई लाइन डायरेक्ट आहे. पण नकाशा उघडला की मेट्रो वेगळी, तोएई नावाची दुसरी सबवे वेगळी, जेआर म्हणजे जपान रेल्वे वेगळी, आणि त्याच तोझाईच्या गाडीवर कधी मिताका लिहिलेलं तर कधी तोयो-कात्सुतादाई. मग गाडी नक्की कुणाची, कार्ड कुठलं, पास कसा काढायचा, आणि आईबाबा आले की त्यांना नारिताहून घरी कसं आणायचं.

मी टोकियोत सतरा वर्षं आहे, धंदा सिग्नलिंगचा, म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनमध्ये पाठीमागे जी कपाटं असतात त्यांच्यातल्या यंत्रांचा. त्यातली नऊ वर्षं राहायला कासाईला, म्हणजे तुमच्या पुढच्याच स्टेशनला. तेव्हा यातलं अर्धं कामातून आलेलं आहे, अर्धं चुकीच्या गाडीत बसून.

पहिली गोष्ट, तो रंगीबेरंगी नकाशा सध्या बाजूला ठेवा. तो वाईट नाही पण तो फसवतो, कारण तो तुम्हाला सांगतो की निळी रेघ नाकानोला सुरू होते आणि निशि-फुनाबाशीला संपते. रेघ संपते, गाडी संपत नाही. तोझाई लाइन ३०.८ किलोमीटर आणि २३ स्टेशनांची, पण नाकानोला पोचलेली गाडी बऱ्याचदा तशीच पुढे जेआरच्या चुओ-सोबु लाइनच्या रुळांवर चढते आणि मिताकापर्यंत जाते. पूर्वेच्या टोकाला निशि-फुनाबाशीला तीच गाडी तोयो रॅपिड नावाच्या तिसऱ्याच कंपनीच्या रुळांवर शिरते आणि १६.२ किलोमीटर पुढे तोयो-कात्सुतादाईला जाते, आणि कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ काही गाड्या त्याच निशि-फुनाबाशीहून तिकडे न जाता जेआरच्या सोबु लाइनवरून त्सुदानुमाला जातात. म्हणजे एका रेघेला तीन शेपट्या. जपानीत याला चोकुत्सू उनतेन म्हणतात, आपण थेट गाडी म्हणू.

टोकियो समजायची माझी पद्धत अशी आहे की रूळ कुणाचे, डबे कुणाचे आणि ड्रायव्हर कुणाचा हे तीन प्रश्न वेगळे ठेवायचे आणि जिथे याची उत्तरं बदलतात ती हद्दीची स्टेशनं पाठ करायची. तुमच्यासाठी ती दोनच, नाकानो आणि निशि-फुनाबाशी. भाडं तिथे बदलतं, पासाचा हिशोब तिथे तुटतो, आणि गोंधळ झाला की गाड्याही तिथूनच परत फिरतात. बाकी सगळं त्यातून निघतं.

एकदा मुद्दाम नाकानोला उतरून ही हद्द बघा. ओतेमाचीकडून आलेली गाडी थांबते, मेट्रोचा ड्रायव्हर बॅग घेऊन बाहेर येतो, जेआरचा ड्रायव्हर आधीच प्लॅटफॉर्मवर, दार जिथे येणार बरोबर तिथे उभा असतो. दोघं एकमेकांना सलाम करतात, गाडी ठीक आहे, काही अडचण नाही एवढं एक वाक्य होतं, नवा माणूस आत जातो, बॅग जागेवर ठेवतो, समोरच्या टेबलावर घड्याळ ठेवायला एक खाच असते तिच्यात आपलं खिशातलं घड्याळ बसवतो, सिग्नलकडे बोट करून मोठ्याने काहीतरी म्हणतो आणि गाडी निघते. मागच्या टोकाला गार्डचंही तेच. डब्यातली माणसं झोपलेली असतात, त्यांना पत्ताही नसतो की आपण एका कंपनीतून दुसरीत गेलो. माझ्या कामाचा भागही तिथेच होतो. मेट्रोत गाडीचा वेग एटीसी नावाची यंत्रणा आपोआप सांभाळते, जेआरच्या त्या लाइनवर एटीएस-पी नावाची दुसरी यंत्रणा आहे आणि तोयोची व्यवस्था आणखी निराळी. तेव्हा ती हद्द ओलांडणाऱ्या प्रत्येक गाडीत पलीकडच्या रुळांचंही यंत्र बसवावं लागतं आणि हद्दीवर एकाची सुट्टी होऊन दुसरं कामाला लागावं लागतं. चियोदा लाइनवर तर मेट्रो, ओदाक्यू ही खासगी कंपनी आणि जेआर असा तिघांचा संसार आहे, २०१६ पासून तिन्ही कंपन्यांच्या गाड्या तिन्हींच्या रुळांवर धावतात, आणि त्या गाडीचं कपाट उघडलं की एकत्र कुटुंबातल्या फडताळासारखं दिसतं, प्रत्येकाचा डबा वेगळा आणि कुणी कुणाच्या डब्याला हात लावायचा नाही.

हे असं का झालं ते थोडं सांगतो, कारण त्याशिवाय कुठल्या लाइनवर थेट गाडी मिळेल आणि कुठल्यावर कधीच मिळणार नाही ते कळत नाही.

सगळ्यात जुनी गिन्झा लाइन, ३० डिसेंबर १९२७ ला आसाकुसा ते उएनो एवढाच २.२ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला, आशियातली पहिली सबवे. तिला रुळांच्या शेजारून तिसरा रूळ टाकून वीज दिली, ६०० व्होल्ट, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर. १९५४ ला मारुनोउची लाइन आली तीही तशीच. तोवर बाहेरच्या उपनगरांतल्या खासगी रेल्वे कंपन्या यामानोते या गोल लाइनपर्यंत येऊन थांबत होत्या, शिंजुकु, शिबुया, इकेबुकुरोला लोक उतरणार आणि मग ट्राम नाहीतर दुसरी गाडी पकडणार. गर्दी इतकी वाढली की १९५६ ला सरकारच्या वाहतूक परिषदेने सांगितलं, नव्या सबवे आणि बाहेरच्या रेल्वे एकमेकांत शिरवा म्हणजे मध्ये उतरावंच लागणार नाही. ऐकायला सोपं आहे पण गेज कुठे जुळत होतं? केइसेई कंपनीचं गेज १३७२ मिलिमीटर, जुन्या घोड्यांच्या ट्रामपासून आलेलं, आणि पलीकडे केइक्यू या दुसऱ्या खासगी कंपनीचं १४३५. मग आसाकुसा लाइनसाठी केइसेईने १९५९ च्या शेवटी साधारण दोन महिन्यांत आपली अख्खी लाइन १४३५ वर आणली, तीही तुकड्या तुकड्याने, गाड्या चालू ठेवून. डिसेंबर १९६० ला आसाकुसा लाइन सुरू झाली आणि सबवेत खासगी कंपनीची थेट गाडी पहिल्यांदा धावली. मला विचाराल तर टोकियोच्या रेल्वेतलं सगळ्यात धाडसी काम हेच, बुलेट ट्रेनचं कौतुक सगळे करतात पण चालत्या लाइनचं गेज बदलणं म्हणजे माणूस चालत असताना त्याचे बूट बदलण्यासारखं.

केइओ कंपनीला मात्र ते परवडणारं नव्हतं, शिंजुकुहून पश्चिमेची त्यांची गर्दीच अशी की लाइन बंद ठेवून चालणारच नव्हतं, म्हणून त्यांच्याशी जोडायची तोएई शिंजुकु लाइनच १३७२ वर बांधली. सबवे बांधतानाच घोडागाडीचं माप घेतलंय, १९७८ साली! हिबिया, तोझाई, चियोदा वगैरे १०६७ वर, कारण जेआर आणि बहुतेक खासगी कंपन्यांचं तेच. आपल्याकडे लोकलचं गेज १६७६ आणि मुंबई मेट्रोचं १४३५, त्यामुळे वर्सोव्याची मेट्रो घाटकोपरहून थेट ठाण्याला निघाली हे स्वप्नातही होणार नाही, आणि इथे ते रोज होतं ते गेज आणि वीज आधी ठरवून घेतली म्हणूनच.

तर तेरा लाइनींपैकी गिन्झा, मारुनोउची आणि ओएदो या तीनच बंद घरं आहेत. पहिल्या दोन तिसऱ्या रुळामुळे, ओएदो लिनिअर मोटरच्या बुटक्या गाड्यांची म्हणून. त्यांच्या गाड्या बाहेर कुठे जात नाहीत, तिथे डोळे मिटून बसा. बाकी दहा लाइनींच्या गाड्या कुठे ना कुठे बाहेर जातात, तिथे गाडीवरचं शेवटचं स्टेशन वाचायलाच हवं.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण सगळ्यांना पडतो, की दुसऱ्याचे डबे वापरल्याचे पैसे कसे देतात. बहुतेक वेळा पैसे देतच नाहीत, डबा-किलोमीटर मोजतात. तुमच्या डब्यांनी माझ्या रुळांवर जितकी किलोमीटर केली तितकीच माझ्या डब्यांनी तुमच्या रुळांवर करायची, फिटंफाट. शेजारणीने वाटीभर साखर नेली की वाटी रिकामी परत करायची नाही, तसं. हिशोब जुळवायला टाइमटेबल लावणारे लोक कधी एखादी गाडी मुद्दाम दुसऱ्याच्या रुळांवर जास्त फिरवतात. निशिकासाईला उभे राहिलात की मेट्रोच्या निळ्या पट्ट्याच्या गाड्यांमध्ये मध्येच जेआरची गाडी येते ती यामुळे, घाबरू नका, तीही ओतेमाचीलाच जाते आणि भाडं तेवढंच पडतं. रूळ ज्याचे त्याचं भाडं, डबे कुणाचे का असेनात.

थेट गाड्यांचा त्रासही आहे आणि तो सगळ्यात जास्त दरवाजांचा. प्लॅटफॉर्मवर सरकते दरवाजे बसवायचे तर सगळ्या गाड्यांचे दरवाजे एकाच जागी यायला हवेत, आणि पाच कंपन्यांनी पाच प्रकारचे डबे बनवलेले. हिबिया लाइनवर १८ मीटरचे आठ डबे होते, त्यात काही गाड्यांना डब्याला तीन दरवाजे तर काहींना पाच, शेवटी मेट्रो आणि त्या लाइनवर थेट गाड्या चालवणारी तोबु कंपनी दोघांनी मिळून २०१७ पासून २० मीटरचे सात डबे, चार दरवाजे असा नवा ताफा आणला. तुमच्या तोझाईवर उलटंच, गर्दीत लोक पटकन चढावे-उतरावे म्हणून मेट्रोने १.८ मीटर रुंद दरवाजांचे डबे बनवले आणि मग प्लॅटफॉर्मवरच्या दरवाजांची तोंडं मोठी करावी लागली. आसाकुसा लाइनवर तोएईने जे केलं ते मला धंद्यातला माणूस म्हणून फार आवडतं. सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत महागडी यंत्रं बसवत बसण्यापेक्षा गाडीच्या दरवाजांच्या काचांवर क्यूआर कोडचे स्टिकर चिकटवले, प्लॅटफॉर्मवरचा कॅमेरा ते बघतो, स्टिकर सरकला म्हणजे दार उघडलं, मग प्लॅटफॉर्मचं दार उघडा. आम्ही लोक कोटीत विचार करत होतो आणि काम कागदाच्या तुकड्यावर झालं.

आता मेट्रो आणि तोएई. टोकियो मेट्रोच्या नऊ लाइन, १९५ किलोमीटर, तोएईच्या चार लाइन, १०९ किलोमीटर. तोएई म्हणजे टोकियो महानगर सरकारची स्वतःची. मेट्रो २००४ ला कंपनी झाली, तिचे सगळे शेअर केंद्र सरकार आणि टोकियो सरकारकडे होते, २०२४ च्या ऑक्टोबरात अर्धे शेअर बाजारात आले. दोघांना एक करा ही मागणी खूप जुनी आहे. कुदानशिता स्टेशनला मेट्रोच्या हान्झोमोन लाइनचा आणि तोएईच्या शिंजुकु लाइनचा प्लॅटफॉर्म एकमेकांना पाठ लावून होते, मध्ये फक्त एक भिंत, आणि त्या भिंतीमुळे लोक वर चढून, एका गेटमधून बाहेर पडून, दुसऱ्या गेटमधून आत शिरून, परत खाली उतरायचे. तिला बाका नो काबे म्हणायचे, मूर्खपणाची भिंत. नाओकी इनोसे गव्हर्नर असताना मार्च २०१३ ला ती पाडली. आज तिथे उभं राहिलं की समोरासमोर दोन कंपन्यांच्या गाड्या, आणि खाली फरशीत कुठे जुनी रेघ दिसते का म्हणून मी अजून बघतो.

भिंत गेली पण भाडं वेगळंच राहिलं. मेट्रोतून तोएईत गेलात की दोघांचं सुरुवातीचं भाडं लागतं, त्यातले ७० येन सूट मिळतात, कार्डाने गेलात तर आपोआप. म्हणून घर शोधताना माझा सल्ला हाच असतो की नकाशावर अंतर मोजू नका, ऑफिसपर्यंत किती कंपन्या लागतात ते मोजा. निशिकासाई ते ओतेमाची एकच कंपनी, एकच गाडी, ९ किलोमीटर, तिकीट २१० येन, वेळ सतरा मिनिटांच्या आसपास. एजंट खोटं बोलला नाही. ओतेमाचीला मेट्रोच्या चार आणि तोएईची एक अशा पाच लाइन येतात, आणि स्टेशन इतकं लांब-रुंद आहे की आयुष्यात पहिल्यांदा उतराल तेव्हा गाडीत घालवलेल्या वेळाइतकाच वेळ ऑफिसकडचं तोंड शोधण्यात जाईल. प्लॅटफॉर्मवर कुठल्या डब्यासमोर कुठला जिना येतो त्याचा तक्ता लावलेला असतो, पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढा, आठवड्याभरात तुमचा डबा ठरून जाईल.

कार्ड आणि पास. पासाला तेइकी म्हणतात, एक, तीन किंवा सहा महिन्यांचा, आणि बहुतेक कंपन्या त्याचे पैसे देतात, महिन्याला दीड लाख येनपर्यंत त्यावर टॅक्सही नाही. एचआर तुमच्याकडून मार्ग लिहून घेईल तो नीट लिहा, कारण पास स्टेशनांच्या जोडीचा नसतो, मार्गाचा असतो. तुमचा मार्ग निव्वळ मेट्रोचा आहे म्हणून सरळ पास्मो कार्डावर काढा, सुइका हे जेआरचं कार्ड, रोजच्या फिरण्याला दोन्ही सगळीकडे चालतात पण पास ज्याच्या रुळांचा त्याच्या मशीनवर. मशीनवर इंग्रजीचं बटण आहे, नाव काताकानात टाकावं लागतं, तर आपलं आडनाव काताकानात कसं लिहायचं ते एकदाच ठरवून टाका आणि बँकेपासून पासापर्यंत तेच ठेवा. कुलकर्णींचे कुरुकारुनी होतात आणि जोशींचे जोशीच राहतात, हा माझा अनुभव. पास हातात आला की मधल्या कुठल्याही स्टेशनला फुकट उतरता येतं, म्हणजे निहोंबाशी, मोनझेन-नाकाचो तुमचं. हद्दीपलीकडे गेलात तर जास्तीचे पैसे गेटवर कापले जातात. निशि-फुनाबाशीला जेआर आणि मेट्रो यांच्यामध्ये स्टेशनाच्या आतच गेट आहेत, तिथे कार्ड लावायचं, बाहेर पडलो की काय म्हणून दचकायचं नाही. आणि मेट्रोच्याच काही ठिकाणी एका लाइनवरून दुसरीवर जायला गेटबाहेर पडून चालावं लागतं, उदाहरणार्थ आवाजिचो ते शिन-ओचानोमिझु, तिथे ६० मिनिटांच्या आत परत आत शिरलात की प्रवास एकच धरतात. मध्ये कॉफी होते.

आता खास निशिकासाईबद्दल, कारण इथेच सगळे नवे लोक आपटतात आणि मीही आपटलो. तोझाईवर काइसोकू म्हणजे जलद गाडी असते. ती ओतेमाचीहून तोयोचोपर्यंत सगळीकडे थांबते, अगदी साध्या गाडीसारखी, आणि मग तोयोचोनंतर एकदम उरायासु. मिनामी-सुनामाची, निशिकासाई, कासाई तिन्ही सोडून. माझ्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी मी अशाच गाडीत बसलो, शहाण्यासारखा स्टेशनं मोजत होतो, सगळी थांबतेय म्हणून निर्धास्त, आणि मग गाडी बोगद्यातून वर आली, पुलावरून आराकावा नदी ओलांडली, आणि माझं कासाई खिडकीतून माझ्याकडे बघत निघून गेलं. वर कासाईला एक साधी गाडी बाजूच्या रुळावर आमची वाट बघत उभी होती, तिच्यातली माणसं माझ्याकडे बघतायत असं मला वाटलं. उरायासुला उतरून उलटा आलो. निशिकासाईला कासाईसारखे बाजूचे रूळ नाहीत, लाइन १९६९ ला इथून गेली आणि हे स्टेशन १९७९ ला मागाहून घातलं. सकाळची त्सूकिन काइसोकू मात्र वेगळी, ती निशि-फुनाबाशीहून निघाली की उरायासुपर्यंत पळते आणि पुढे सगळीकडे थांबते, म्हणजे निशिकासाईलाही, ती तुम्हाला चालते. लक्षात ठेवायचं ते असं की घरी येताना नुसतं काइसोकू लिहिलेली गाडी सोडून द्या नाहीतर तोयोचोला उतरून मागची साधी पकडा. रात्री उशिरा तोयोचोपर्यंतच जाणारी गाडीही असते, तीत झोपलात तर नदीच्या अलीकडे राहाल, आणि टॅक्सीचं मीटर बघून उरलेली झोप उडेल.

गर्दीचं खरं सांगतो. तोझाईचा किबा ते मोनझेन-नाकाचो हा तुकडा सकाळी देशातल्या सगळ्यात वाईट गर्दीचा म्हणून वर्षानुवर्षं गाजला, २०१९ पर्यंत सरकारी आकडा १९९ टक्के होता. तिथे टक्क्यांची व्याख्याही आहे, १८० टक्के म्हणजे घडी घातलेला पेपर कसाबसा वाचता येतो, २०० टक्के म्हणजे अंगाला अंग दाबलं जातं पण साप्ताहिक वाचता येतं, २५० टक्के म्हणजे हात हलत नाही. डोंबिवलीहून आठ बारा पकडलेल्या माणसाला हे वाचून हसू येईल. पण इथली गर्दी शांत असते आणि त्या शांततेतच ती जास्त जाणवते, कुणी चौथी सीट देत नाही, कुणी बॅग वर ठेवू का विचारत नाही. जानेवारी २०१९ ला मेट्रोने लोकांना लवकर निघायला लावायला योजना काढली होती, सकाळी लवकर येणाऱ्यांची संख्या २००० झाली तर सगळ्यांना तेंपुरा, २५०० झाली तर सोबा, ३००० झाली तर दोन्ही. म्हणजे नोकरदाराला पहाटे उठवायला शेवटी भजीच लागली. कोव्हिडनंतर आकडा बराच उतरलाय, तरी साडेसात ते नऊ टाळता आलं तर टाळा. मिनामी-सुनामाचीला एक जादा प्लॅटफॉर्म आणि रूळ टाकायचं काम बरीच वर्षं चालू आहे, मे २०२४ ला एका शनिवार-रविवारी रूळ सरकवायला तोयोचो ते निशिकासाई गाड्या दोन दिवस पूर्ण बंद ठेवल्या होत्या. अशा नोटिसा महिने आधी लागतात, वाचत जा.

दुसरं वारं. निशिकासाईला ही सबवे जमिनीखाली नाही, उंच पुलावर आहे, आणि तिच्या पश्चिमेला ती मोठी नदी. वारं वाढलं की गाड्या हळू होतात, फार वाढलं की थांबतात. लोक वैतागतात पण कारण आहे, फेब्रुवारी १९७८ ला नदीवरच्या पुलावर टोर्नेडोने चालत्या गाडीचे डबे उलटवले होते. वाऱ्यासाठी गाडी थांबली की मी कधी कुरकुर करत नाही.

आणि आता जे नकाशा कधीच सांगत नाही ते. मिताकाकडे कुठेतरी कुणी रुळावर गेलं किंवा जेआरचा सिग्नल बिघडला, तर तुमची तोझाई उशिरा धावते, तुमचा त्या भागाशी काही संबंध नसताना. तोकड्या जाळ्यात बिघाड जिथल्या तिथे राहतो, थेट गाड्यांच्या जाळ्यात तो चाळीस किलोमीटर प्रवास करतो. उपाय एकच, कंट्रोलवाले हद्द बंद करतात. घोषणा होते, चोकुत्सू उनतेन चूशी, म्हणजे आजपुरता शेजार तुटला, मेट्रोच्या गाड्या नाकानोहून परत फिरणार, जेआरच्या जेआरमध्ये. हे ऐकलं की तुमच्यासाठी बातमी चांगली आहे, कारण मधला भाग आता सुधारतो. मिताकाला जाणाऱ्याने मात्र नाकानोला उतरून पलीकडची गाडी बघायची. गाडी पूर्णच बंद असेल तर फुरिकाए युसो जाहीर होतं, दुसऱ्या कंपनीच्या लाइनने जादा पैसे न देता जा. इथे एक खाच आहे आणि ती कुणी आधी सांगत नाही: ही सवलत पासवाल्यांना त्यांच्या पासाच्या मार्गापुरती आणि कागदी तिकीटवाल्यांना मिळते, कार्डातून पैसे कापून जाणाऱ्यांना मिळत नाही. म्हणून आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस असलं आणि पास किंचित महाग पडत असला तरी मी पास ठेवतो. उशीर झाला की चिएन शोमेइशो, म्हणजे उशिराचा दाखला, वेबसाइटवरून काढून ऑफिसात द्यायचा, तो चक्क मान्य होतो.

राहिले आईबाबा. नारिताहून स्कायलायनर निप्पोरी-उएनोला नेते, वेगवान आणि आरामशीर, पण वेगळं तिकीट आणि मग उएनोहून बॅगा घेऊन तुमच्याकडे यायला पुन्हा बदलाबदली. मी घरच्यांना नेहमी आक्सेस तोक्क्यू या गाडीने आणतो, बोर्डावर ती केशरी रंगात असते, २०१० पासून चालू आहे, जादा तिकीट नाही. ती केइसेईच्या बाजूने येते, ओशिआगेला तोएई आसाकुसा लाइनमध्ये शिरते, आणि सेंगाकुजीला केइक्यूच्या हातात जाऊन बऱ्याचदा थेट हानेदा विमानतळ गाठते, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळाला जाणारी सबवे. तुम्ही निहोंबाशीला उतरायचं, साधारण तासाभराचा प्रवास, तिथे तोझाई घ्यायची. दुसरा रस्ता केइसेईच्या साध्या लाइनने कात्सुतादाई, तिथून चालत शेजारच्या तोयो-कात्सुतादाईला, आणि तिथून तोझाईची थेट गाडी. गाडी तिथूनच सुटते म्हणून बसायला हमखास मिळतं, तोयोचं भाडं मात्र पूर्वीपासून महाग म्हणून बदनाम, आणि मध्ये तीन कंपन्या होतात. आईचे गुडघे दुखत असतील तर मी हाच घेईन, बसून यायला मिळतं हे पैशापेक्षा मोठं, फक्त गाडी काइसोकू नाही एवढं बघून घ्यायचं.

निहोंबाशीला उतरलात तर जिन्याच्या मागे लागू नका, लिफ्टची खूण बघत चला, तोएईच्या गेटमधून बाहेर आणि मेट्रोच्या गेटमधून आत असे दोन गेट लागतील. आधी त्यांची कार्डं पुढे करायला लावा आणि तुम्ही सगळ्यात शेवटी जा, नाहीतर तुम्ही पलीकडे आणि बाबा अलीकडे कार्ड उलटं-सुलटं करत उभे, मागे रांग, आणि रांगेतलं कुणी काही बोलत नाही पण बाबांना घाम फुटतो. आमच्याकडे दोनदा झालंय. आणि आले की एका दुपारी त्यांना कासाईला घेऊन जा, स्टेशनच्या पुलाखालीच सबवेचं म्युझियम आहे, त्यात १९२७ चा तो पिवळा १००१ नंबरचा डबा उभा आहे, शेजारी गाडी चालवून बघायचं यंत्र. माझे बाबा रेल्वेत नव्हते, पोस्टात होते, तरी त्या यंत्रापुढून पाऊण तास उठले नाहीत.